आखाजीचा उलटा मुराळी

वनाभाऊला मी आजवर किती वेळा झोडपलंय त्याचा हिशेब नाही. केरसुणीनं, लाटण्यानं, चपलेनं, एकदा तर शेतात हाताला लागली ती कपाशीची पऱ्हाटी घेऊन. मार खाऊन तो उठायचा, धोतर झटकायचा आणि मलाच विचारायचा, "लताअक्का, बराबर बसना ना? नही तं आखो एकदाव मार." आमच्या अहिराणी सिनेमांत तो माझा दारुडा नवरा आणि मी त्याची कजाग बायको. कॅमेऱ्यासमोर हा संसार आम्ही वर्षानुवर्षं केला. घरी मात्र तो माझा भाऊ. राखीला धुळ्याला माझ्याकडे येतो, मी ओवाळते, तो माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो.

लोकांना हे पचत नाही. बाजारात बायका मला विचारतात, "नवरा कुठंय तुमचा, पडला का कुठं पिऊन?" माझा खरा नवरा शेजारीच भाजीची पिशवी धरून उभा असतो बिचारा.

वनाभाऊ शिंदखेडा तालुक्यातल्या दरखेड्याचा. फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. कुणी पंप घेऊन आलं की पंप नंतर, आधी त्या माणसाची नक्कल. एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या मामाची नक्कल मामाच्या तोंडावरच केली, आणि त्या लग्नाचं शूटिंग करायला आलेला धुळ्याचा भूपेंद्र नवरीवरचा कॅमेरा काढून याच्यावर धरून बसला. पुढे सीडी आली तेव्हा तिच्यात माळ घालायच्या वेळची नवरीच नव्हती. नवरीकडच्यांनी भूपेंद्रची सात पिढ्यांची उजळणी केली, पण खानदेशाला वनाभाऊ मिळाला तो असा.

आमचा सिनेमा म्हणजे भूपेंद्रची ओम्नी, एक कॅमेरा, कुणाचं तरी खळं आणि वनाभाऊच्या बायकोच्या, यशोदाबाईंच्या, हातची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. आधी सीड्या निघायच्या, यात्रेत आणि आठवडे बाजारात खपायच्या. मग मोबाईल आले आणि आम्ही घराघरांत शिरलो. माझं शिवणाचं दुकान आहे. मी पहिल्यांदा शूटिंगला नुसते कपडे पोचवायला गेले होते. बायकोचं काम करणारी बाई आलीच नाही, तेव्हा भूपेंद्रनं केरसुणी माझ्या हातात दिली. मी उन्हात ताटकळून आधीच तापलेले. तो सगळा ताप वनाभाऊच्या पाठीवर निघाला आणि भूपेंद्र म्हणाला, "अक्का, हाऊच राग पाहिजे." तेव्हापासून माझा राग खानदेशात प्रसिद्ध आहे. मला त्याची लाजही नाही.

आता वनाभाऊचा दारुडा. बाकीचे नट दारुडा करायचा म्हटलं की हेलकावे खातात, जीभ बाहेर काढतात. वनाभाऊ उलटा जपून चालायचा. प्यालेला माणूस आपण प्यालोच नाही हे दाखवायला जसा चालतो, तसा. जिथं उंबरठा नाही तिथंही पाय उचलून टाकायचा. म्हशीला वाकून रामराम करायचा आणि ती उत्तर देत नाही म्हणून रुसायचा. लोक हसून हसून लोळायचे. बाटलीत मात्र काळा चहा. दारूचा थेंब त्यानं जन्मात चाखला नाही, पण हे सांगून कुणाला खरं वाटेल? लग्नाला गेला की कुणीतरी कोपऱ्यात ओढून बाटली दाखवणारच. एकदा अमळनेरच्या स्टँडवर एसटीत चढताना कंडक्टरनं दारातच अडवलं, "नाना, आज शुद्धीमा शेत ना?" वनाभाऊनं पायरी नसलेल्या जागी पाय उचलला आणि अख्खी बस हसली. तिकीट मात्र घ्यावंच लागलं.

हे तो कुठं शिकला, ते मला फार उशिरा कळलं. त्याचा मोठा भाऊ अमृत प्यायचा. गाव झोपायच्या आत त्याला शोधून खांद्यावर टाकून घरी आणायचं काम धाकट्या वनाकडे. वर्षानुवर्षं त्यानं तो भार उचलला. अमृत गेला तेव्हा वनाभाऊ विशीतही नव्हता. "अक्का, तो चांगला व्हता व," एवढंच तो सांगतो आणि विषय बदलतो. लोक ज्या चालीला हसत होते ती त्याच्या मेलेल्या भावाची चाल होती. मला हे कळल्यावर पुढचे काही दिवस केरसुणी उचलवेना.

मग दरखेड्यात ती पाटी लागली.

गावात देशी दारूचं दुकान जुनंच होतं, रतिलालचं. सरकारी परवान्याचं, रीतसर. त्यानं दुकानाला नवा रंग दिला आणि दारावर वनाभाऊचा हा एवढा फोटो लावला. एक डोळा मिटलेला, हातात बाटली. विचारणं नाही, पुसणं नाही. गावातल्या पोरांना गंमत वाटली. वनाभाऊलाही, खरं सांगायचं तर, आधी जरा बरंच वाटलं. नटाची जात, फोटो दिसला की सुखावायचीच. मी त्याला फोनवर झापलं तेव्हा म्हणाला, "जाऊ दे अक्का, आपलंच तोंड शे."

त्याला जागं केलं ते ज्योतीनं. ज्योती म्हणजे गल्लीतल्या चंदनची बायको, सावद्याकडची, केळीवाल्यांची लेक. चंदन हुशार पोरगा, ट्रॅक्टर चालवायचा, पण दुकानाशिवाय त्याचा दिवस मावळत नसे. एक दिवस तो आपल्या तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन दुकानात गेला आणि येताना तिला पायरीवर विसरून आला. घरी येऊन जेवायला बसला. ज्योती पळत गेली तेव्हा पोर त्या फोटोखाली बसून रडत होती. ज्योती पोरीला उचलून तशीच वनाभाऊच्या अंगणात आली. यशोदाबाई सांगतात, ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "नाना, मी रडले की हे म्हणतात, वनानाना पितो तर सगळं जग हसतं, तुलाच काय रडू येतं. तुम्हीच सांगा, मी हसू का?"

दुसऱ्या दिवशी ज्योती पोरीला घेऊन माहेरी निघून गेली. पण जाण्याआधी एक काम करून गेली. दुकान बंद करण्यासाठी गावातल्या बायकांचं मतदान घ्या, असा अर्ज करता येतो. त्या अर्जावरची पहिली सही तिची.

पुढच्या सह्या वनाभाऊनं जमवल्या. पंप दुरुस्तीची पिशवी खांद्याला अडकवून तो दारोदार फिरला. बायका आधी हसायच्या. दारुड्यानं दारूबंदी मागावी म्हणजे बोक्यानं दुधाची राखण करावी, अशातला प्रकार. तो उभाच राहायचा. हसून झालं की म्हणायचा, "हासनात ना? आते सही करा." भूपेंद्रला त्यानं कळवून टाकलं की यापुढे दारुडा करणार नाही. भूपेंद्रनं डोक्याला हात लावला. त्याला पोस्टमन करून एक सिनेमा काढला, तो कुणी बघितला नाही. मग सासरा केला, तोही कुणी बघितला नाही. आमचं काम आटलं. मला वनाभाऊचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम आलं की मी जास्त बोलते, तेव्हा तो माझा फोन उचलायचा बंद झाला.

अर्ज मंजूर झाला. मतदान कसं असतं ते सांगते. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण खोच अशी की जेवढ्या बायका मत द्यायला येतील त्यांच्या निम्म्या नव्हे, गावच्या यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडले पाहिजेत. म्हणजे जी बाई घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीची. हरलो तर पुन्हा अर्ज करायला मोठा काळ थांबायचं.

मतदान घेणारे सरकारी साहेब भले होते. त्यांनी वनाभाऊला विचारलं, "तुमच्या गावाला कोणता दिवस सोयीचा?" आणि या शहाण्यानं छाती पुढे काढून सांगितलं, "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवा साहेब. आखाजीला गाव बायकांनी भरलेलं असतं."

साहेब बाहेरच्या जिल्ह्याचे. त्यांनी लिहून घेतलं. तारीख जाहीर झाली, दवंडी झाली, चावडीवर कागद लागला. वनाभाऊनं मला मोठ्या हौसेनं फोन केला. मी तारीख ऐकली आणि कात्री खाली ठेवली.

"वनाभाऊ, आखाजीले गावमा बायका कोन्या ऱ्हातस रे?"

"बठ्ठ्या ऱ्हातस! निंबले झोका, गाना, फुगड्या..."

"अरे येड्या, त्या पोरी शेत! माहेरले येल पोरी! त्यास्नं मत त्यास्ना सासरले. तुना गावनं मत सुनास्नं शे, आनि सुना त्या दिवशी कठे ऱ्हातस?"

त्यानं फोन ठेवून दिला.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजीला माहेर चुकत नाही. सासरहून लेकीला न्यायला भाऊ येतो, कुणी चुलता येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की सासू कितीही खाष्ट असो, सुनेला पाठवावंच लागतं. वनाभाऊनं आयुष्यभर आखाजीला निंबाखाली बायकांची गर्दी पाहिली होती. त्या गर्दीत गावची सून एकही नसते, हे त्या गड्याला कधी दिसलंच नाही. पुरुषांना दिसत नाही. त्यांना रस-पोळी मिळाली की झालं, मग पत्त्यांचा डाव.

आणि सह्या केल्या होत्या त्या बहुतेक याच तरण्या सुनांनी. म्हाताऱ्या घरी राहणार होत्या, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. तारीख बदलून मिळेना. एकदा जाहीर झालेली बदलायची तर सगळं पहिल्यापासून. रतिलालला काही करायचीच गरज उरली नाही. त्यानं वनाभाऊला आंब्याची पेटी पाठवली आणि निरोप दिला, दिवस चांगला निवडलात. वनाभाऊनं पेटी परत पाठवली. यशोदाबाई म्हणतात, त्या दिवशी तो जेवला नाही, आणि त्यांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी दरखेड्याला गेले. भूपेंद्रची ओम्नी हट्टानं मागून घेतली होती. सुना पांगल्या होत्या आणि लेकी आल्या होत्या. निंबाला झोका बांधलेला, गाणी रंगात आलेली. वनाभाऊ तिथं जाऊन उभा राहिला. पोरींनी ओरडा केला, "नाना, करी दाखाडा ना, दारुड्या!" त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "पोरीहो, मना हाते गावनं वाटोळं जयं." काय चूक झाली ती त्यानं सरळ सांगितली. नटासारखं नाही, अडखळत. सुनेला आखाजीत माहेराहून परत बोलवायला मुराळी पाठवणं म्हणजे तिच्या आईबापाच्या तोंडात मारणं. तसं आजवर कुणी केलं नाही, आपण कसं करायचं?

झोक्यावर मयुरी होती. चंदनची धाकटी बहीण, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पहिलीच आखाजी. ती झोका थांबवून खाली उतरली. "नाना, माले आठे मत नही," ती म्हणाली, "पन माले वहिनी शे. मी जास तिले लेवाले."

नणंद! आणि ती मुराळी! आमच्याकडे नणंद-भावजयीचं सूत कसं असतं ते मी काय सांगावं? पण म्हणूनच तो तोडगा चालला. सासरा गेला असता तर अपमान, दीर गेला असता तर भांडण. नणंद स्वतःची आखाजी टाकून वहिनीच्या दारात उभी राहिली तर तिला नाही म्हणायला कुणाला तोंड आहे? झोका रिकामा झाला. त्या दुपारपासून दरखेड्याच्या लेकी एसटीनं, भावाच्या मोटारसायकलवर, दुधाच्या गाडीत बसून निघाल्या. वर्षभर वाट पाहिलेला एक सण, तोही वहिनीसाठी घालवला. मला हे लिहितानाही भरून येतं, आणि मी सहजासहजी भरून येणारी बाई नाही.

आखाजीच्या सकाळी मयुरी, वनाभाऊ आणि मी ओम्नीनं सावद्याकडे निघालो. तिथं ज्योतीचे वडील तोताराम अंगणात बसले होते. चेहरा कडक. मयुरीला बघून त्यांनी पाणी द्यायला सांगितलं. तेवढ्यात गल्लीला वासाचा पत्ता लागावा तसा वनाभाऊचा पत्ता लागला. अंगण भरलं. "अरे, हे त दारुडे नाना! करा ना जरा, नाना!" ज्योतीची आई सुनंदाबाई हात धुऊन ओट्यावर येऊन बसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणाला हसावंसं वाटत असावं.

वनाभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. तो फाटकाबाहेर गेला आणि चालत आत आला, नसलेला उंबरठा ओलांडत. लोक हसले. त्यानं म्हशीला रामराम केला. लोक लोळले. मग तो ओट्यापाशी येऊन जेवायला बसला. घास उचलला आणि थांबला. स्वतःच्या कडेकडे पाहिलं. हात चाचपला. दुसरी कड पाहिली. "आठे पोर व्हती," तो हळूच म्हणाला. "मनाजोडे पोर व्हती ना? पोर कठे गयी?" तो उठला, कुणाच्या तरी मागे बघायला लागला, एका बाईच्या पदरामागे बघितलं. आता त्याला खरंच काही सुचत नव्हतं. पायातलं जपून चालणं गेलं होतं. एक म्हातारा डोळे पुसायला लागला. आणि घरातून ज्योतीचा हुंदका ऐकू आला.

मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं. एवढं मोठं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

तोताराम उभे राहिले. "बस झालं," ते म्हणाले. "आता त मी तिले मुळीच पाठवनार नही. अशा गावात माही पोरगी पाय ठेवनार नही."

झालं! असा नट, की ज्याच्या कामाला दाद मिळाली आणि कामाचं मातेरं झालं. मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "वनाभाऊ, तुले हाईच येळ सापडनी का?" तो ओट्यावर बसून घाम पुसत होता. "अक्का, मी काही ठरायेल नव्हतं व," म्हणाला, "हात रिकामा लागना."

तेवढ्यात ज्योती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण लुगडं बदललेलं. ती वडिलांशी नाही, वनाभाऊशी बोलली. "नाना, मी मत द्यायला येते. नांदायला नाही. उद्या दिवेलागणीच्या आत मला परत इथं आणून सोडाल?"

वनाभाऊ उठला आणि तोतारामांसमोर उभा राहिला. "आबा, दिवा लावाना पहिले तुमनी पोर तुमना दारमा. नही तं माले गावमा तोंड दाखाडाले जागा नही." तोतारामांनी मुलीकडे पाहिलं आणि आत निघून गेले. ज्योती पोरीला आजीपाशी ठेवून गाडीत बसली.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर जी रांग लागली ती दरखेड्यानं कधी पाहिली नव्हती. सुनांच्या हाताला मेंदी, जवळ माहेरच्या सांजोऱ्यांचे डबे, आणि त्यांची पोरं सांभाळत बाहेर बसलेल्या नणंदा. काहीजणींना मात्र आणता आलं नाही. एकीच्या वडिलांनी नणंदेला पोटभर जेवू घातलं आणि एकटीलाच परत पाठवलं. दुपारपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. रतिलाल शाळेसमोरच्या ओट्यावर ऐटीत बसून होता.

ज्योतीनं मत दिलं आणि बाहेर आली. शाळेच्या भिंतीला टेकून चंदन उभा होता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. शुद्धीत. ती त्याच्यासमोर थांबली. "जेवले का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली.

आता सगळं गाव वनाभाऊवर तुटून पडलं. सून आपल्या पायानं आली आहे, नवरा शुद्धीत आहे, राहू दे की तिला. परत कशाला नेतोस? चंदनचे आईबाप म्हणाले, सरपंच म्हणाले. यशोदाबाई म्हणाल्या. मीसुद्धा म्हटलं, एक रात्र राहू दे, बापाला फोन करू. शिवाय संध्याकाळी मोजणी, धुळ्याहून पेपरवाले येणार, ज्यानं हे सगळं उभं केलं तो माणूसच जागेवर नको?

वनाभाऊनं गाडीचं दार उघडलं. "तिले विचारा," तो म्हणाला. ज्योतीनं नुसतं दिवेलागणीचं नाव घेतलं. तो म्हणाला, "मंग चाल माय." मयुरीही रडत रडत त्यांच्याबरोबर बसली. मी इतकी चिडले की निरोपही दिला नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. निम्म्याच्या वर मोजून नऊ शिक्के जास्त. नऊच! दरखेडं पेटून उठलं, ढोल आला, लेकी-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, त्यात सरपंच, त्यांचे मेहुणे आणि ज्यांनी एकही सही आणली नाही अशी बरीच मंडळी. वनाभाऊ नाही. तो पेपर बघून माझा जो भडका उडाला तो अजून पुरता विझलेला नाही.

मी नाचता नाचताच त्याला फोन लावला होता. तो म्हणाला, "बरं जयं," आणि ठेवून दिला. मला वाटलं, माणसाला आनंदसुद्धा होत नाही का? पुढे सावद्याला काय झालं ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही. ते मयुरीकडून कळलं.

गाडी पोचली तेव्हा अजून उजेड होता. तोताराम फाटकातच उभे होते. सकाळपासून तिथंच होते म्हणे. आपली मुलगी आता येत नाही, गावानं तिला ठेवून घेतली असणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती. ज्योती उतरली. त्यांनी तिच्या बोटावरची शाई पाहिली, तिला आत पाठवलं, पण स्वतः तिथंच राहिले. वनाभाऊ हात जोडून निघायला लागला, तोच माझा फोन आला. त्यानं तो ऐकला आणि तोतारामांना सांगितलं, "आबा, दुकान बंद जयं. नऊ मत जास्ती." मग पुढे एवढंच, "ती ये म्हनी तं मी लेवाले येसू. नही म्हनी तरी आखाजीले इचाराले येसू."

तोतारामांनी त्याचा हात धरला. पाठीमागे सुनंदाबाई दिवा लावत होत्या.

"नाना," ते म्हणाले, "मले दुसरी पोरगी राह्यती, त तुमच्याच गावात देल्ली असती."